उन्हाळी सुट्टीतील संशोधन आणि आपला गोठा



शेतीला जोडधंदा म्हणून दुभती जनावरे पाळणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या गोठ्यावर कधी ना कधी विद्यार्थी येऊन गेलेले असतात. त्यांच्या हातात वही असते, खांद्याला पिशवी असते. जनावरे किती, वेत कितवे, दूध किती, आजार कोणते, असे प्रश्न ते विचारतात. दुधाचे किंवा रक्ताचे नमुने घेतात, चहा घेतात आणि जातात. पुढे त्या नमुन्यांचे काय झाले हे आपल्याला सहसा कळत नाही. आपणही विचारत नाही. शिकणारी मुले आहेत, त्यांचा अभ्यास असेल, असे म्हणून आपण ती गोष्ट सोडून देतो.

प्रस्तुत लेखाचा विषय अशाच शिक्षणाशी निगडित आहे. अमेरिकेत पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत संशोधनाचे प्रशिक्षण देण्याची पद्धत आहे. ते प्रशिक्षण कसे चालते, त्यामागील विचार कोणता आणि पाच-सहा जनावरे असलेल्या पशुपालकाला त्यातून काय घेता येईल, याची माहिती येथे देत आहे. माझा स्वतःचा विषय कृषिविद्या म्हणजे पिकांचा आहे. मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. परंतु प्रयोग वाफ्यात घ्या नाहीतर गोठ्यात घ्या, त्याचे नियम सारखेच असतात. त्या नात्याने हा लेख लिहीत आहे.

उन्हाळी संशोधन प्रशिक्षण म्हणजे काय?

अमेरिकेत पशुवैद्यकाची पदवी साधारणपणे चार वर्षांची असते आणि महाविद्यालयातील आधीचे शिक्षण झाल्यानंतर तिला प्रवेश मिळतो. पहिल्या व दुसऱ्या वर्षानंतर जून ते ऑगस्ट अशी मोठी सुट्टी असते. या सुट्टीत विद्यार्थ्याने ८ ते १२ आठवडे एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करावे, त्याबद्दल त्याला विद्यावेतन मिळावे आणि शेवटी त्याने आपले निष्कर्ष सर्वांसमोर मांडावेत, अशी ही योजना आहे.

अशा कार्यक्रमांपैकी एक मोठा कार्यक्रम १९८९ साली सुरू झाला. पुढे तो मेरियल या पशुऔषध कंपनीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१७ साली ती कंपनी बोहरिंगर इंगेलहाइम या जर्मन कंपनीकडे गेली आणि कार्यक्रमाचे नावही बदलले. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाने १९९० साली १० आठवड्यांचा असाच एक कार्यक्रम सुरू केला व त्यात इतर देशांच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश दिला. अमेरिकन शासनाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थाही अशा अल्प मुदतीच्या प्रशिक्षणासाठी महाविद्यालयांना अनुदान देत आलेल्या आहेत.

आरोग्य संस्थांनी जनावरांच्या डॉक्टरांवर पैसा का खर्च करावा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. याचे कारण असे की, माणसाचे अनेक रोग जनावरांकडून येतात. सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिस, पिसाळ रोग, क्षय, लेप्टोस्पायरोसिस ही नावे आपल्या परिचयाची आहेत. या रोगांचा अभ्यास करण्यास जनावर समजणारा संशोधक लागतो. परंतु पदवी मिळाली की बहुतेक पशुवैद्यक दवाखान्याकडे वळतात आणि प्रयोगशाळेकडे फार थोडे जातात. म्हणून शिकत असतानाच त्यांना संशोधनाची चव द्यावी, हा या योजनेमागील हेतू आहे.

आपल्याकडेही या विचाराशी जुळणारी एक योजना आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली माणसांच्या डॉक्टरकीच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधन विद्यावृत्ती सुरू केली. आपल्या पशुवैद्यकीय पदवीत शेवटी एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे आंतरवासितेचे असते. त्या काळात विद्यार्थी दवाखान्यात व गोठ्यांवर जातात. उपचार शिकणे हा त्या वर्षाचा मुख्य उद्देश असतो. संशोधनाची शिस्त ही वेगळी गोष्ट असून ती वेगळी शिकावी लागते.

दहा आठवडे कसे जातात?

दहा आठवडे म्हणजे सत्तर दिवस. खरिपातील मूग पेरणीपासून काढणीपर्यंत जवळपास तेवढ्याच दिवसांत येतो. एवढ्या काळात एखाद्या रोगाचे औषध शोधून होत नाही, ही गोष्ट मार्गदर्शक पहिल्याच दिवशी सांगतो. कामाची विभागणी साधारणतः पुढीलप्रमाणे होते.

१) पहिले दोन आठवडे : प्रश्न लहान करणे. ‘कासदाह का होतो?’ हा प्रश्न दहा आठवड्यांत सुटणारा नाही. ‘या गोठ्यात धार काढल्यावर सड औषधात बुडविले तर नवीन कासदाह कमी होतो का?’ हा सुटू शकणारा प्रश्न आहे. याच काळात पूर्वीच्या लोकांनी काय केले ते वाचावयाचे असते. प्राण्यांवर प्रयोग असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आधीच घेतलेली असावी लागते.

२) तिसरा ते आठवा आठवडा : मोजमाप. रोज तेच काम, त्याच वेळी, त्याच पद्धतीने करावयाचे. येथे बहुतेक विद्यार्थी कंटाळतात आणि खरे शिक्षणही येथेच होते. एखाद्या दिवशी नमुना सांडला तर तो सांडला असे लिहावयाचे. अंदाजाने आकडा भरावयाचा नाही.

३) शेवटचे दोन आठवडे : आकड्यांची मांडणी. मोठ्या कागदावर आपला प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि त्रुटी मांडून विद्यार्थी परिषदेत उभा राहतो. येणारे-जाणारे संशोधक त्याला प्रश्न विचारतात. ‘फरक दिसून आला नाही’ हाही निष्कर्ष मानला जातो व तो मांडण्यात कमीपणा समजला जात नाही.

या पद्धतीतील एक उणीव येथे नमूद करणे आवश्यक आहे. तो कागद संशोधकांसमोर लागतो. ज्याच्या गोठ्यातून नमुने घेतले त्या पशुपालकापर्यंत तो पोहोचेलच, असे नाही. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येऊ.

एका उन्हाळ्यात सुरू झालेला शोध

कमी दिवसांच्या साध्या प्रयोगातून किती मोठी गोष्ट उघड होऊ शकते, याचे एक जुने उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. हे काम विद्यार्थ्यांचे नव्हते. शासनाच्या नोकरीतील संशोधकांचे होते. परंतु त्याची रीत आजही विद्यार्थ्यांना शिकवावी अशी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडील टेक्सास भागातून जनावरांचे कळप उत्तरेकडे नेले जात. ती जनावरे धडधाकट असत. परंतु ज्या वाटेने व कुरणातून ती जात, तेथे काही आठवड्यांनी उत्तरेकडील स्थानिक जनावरे तापाने फणफणत, लाल लघवी करीत आणि मरत. याला टेक्सास ताप असे नाव पडले. निरोगी जनावराने दुसऱ्याला रोग कसा दिला, हे कोणालाच उमगेना. काही पशुपालक म्हणत की, हे काम दक्षिणेच्या जनावरांच्या अंगावरील गोचिडांचे आहे. जाणकार मंडळी त्यांना हसत.

१८८४ साली अमेरिकन शासनाने पशुउद्योग विभाग स्थापन केला. त्याचे पहिले प्रमुख डॅनियल सॅमन हे होत. कॉर्नेल विद्यापीठातून १८७६ साली पशुवैद्यकाची पदवी घेतलेले हे गृहस्थ. त्यांच्या हाताखाली थिओबाल्ड स्मिथ, फ्रेड किलबोर्न आणि कूपर कर्टिस हे काम करीत. १८८९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळील प्रक्षेत्रावर त्यांनी पशुपालकांचे म्हणणे तपासण्याचे ठरविले. नॉर्थ कॅरोलिना या दक्षिणेकडील राज्यातून गोचिडांनी भरलेली जनावरे आणली आणि कुंपण घातलेली वेगवेगळी कुरणे तयार केली.

एका कुरणात गोचिडांसह दक्षिणेची जनावरे व त्यांच्याबरोबर उत्तरेची निरोगी जनावरे ठेवली. दुसऱ्या कुरणात तसेच केले, परंतु दक्षिणेच्या जनावरांच्या अंगावरील गोचिडे आधी हाताने वेचून काढली. आणखी एका कुरणात दक्षिणेचे एकही जनावर ठेवले नाही. तेथे फक्त गोचिडे सोडली व उत्तरेची जनावरे चरावयास ठेवली.

निकाल आपण ओळखलाच असेल. गोचिडे असलेल्या कुरणांत उत्तरेची जनावरे आजारी पडली. जेथे गोचिडे वेचली होती तेथे दक्षिणेच्या जनावरांशेजारी राहूनही ती निरोगी राहिली. पुढील वर्षी स्मिथ यांनी अंड्यांतून नुकतीच निघालेली गोचिडाची पिल्ले निरोगी जनावरावर सोडली. त्यालाही ताप आला. म्हणजे रोग मादी गोचिडाकडून तिच्या पिल्लांत उतरतो. आजार काही आठवड्यांनी का येतो, याचाही उलगडा झाला. जमिनीवर पडलेल्या मादीने अंडी घालून ती उबेपर्यंत तेवढे दिवस जात होते. दक्षिणेची जनावरे लहानपणीच हा रोग सोसून बसलेली असत, म्हणून ती निरोगी दिसत.

हे काम १८९३ साली प्रसिद्ध झाले. सस्तन प्राण्याचा रोग गोचिडासारखा जीव पसरवितो, हे त्यामुळे प्रथमच स्वच्छपणे सिद्ध झाले. त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ साली, आपल्याच देशात सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. अमेरिकेने १९०६ साली गोचीड निर्मूलनाची मोहीम हाती घेतली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेवरील पट्टा सोडून तो देश या गोचिडांपासून मुक्त केला.

हाच रोग आपल्याकडे बबेसिओसिस या नावाने आहे. आपण त्याला गोचीड ताप किंवा लाल लघवीचा आजार म्हणतो. थायलेरियोसिस हा दुसरा गोचीड ताप वेगळ्या जातीच्या गोचिडामुळे पसरतो. संकरित गाईंना या दोन्हींचा धोका देशी गाईंपेक्षा अधिक असतो. अंगावरची गोचिडे मारली तरी गोठ्याच्या भेगांत, दगडी भिंतीच्या सांध्यांत व गव्हाणीखाली अंडी राहतात. एक मादी हजारोंनी अंडी घालते. म्हणून भेगा बुजविणे, गोठ्याची स्वच्छता आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोचीडनाशकाचा वापर ही कामे एकत्र करावी लागतात. गोचीडनाशक हे विष आहे. पाण्याचे प्रमाण ठरल्याप्रमाणेच ठेवावे, जनावराला अंग चाटू देऊ नये.

या प्रयोगातून घ्यावयाचे धडे

शेतात खताचा प्रयोग घेताना आम्ही विद्यार्थ्यांना जे नियम सांगतो, तेच किलबोर्न यांच्या कुरणांत दिसतात.

१) तुलनेला जागा ठेवावी. सर्व शेतात नवे खत टाकले आणि पीक चांगले आले, तर ते खताने आले की पावसाने, हे सांगता येत नाही. खत न टाकलेला वाफा शेजारी हवा. गोचिडे वेचलेले कुरण नसते तर तो प्रयोग अपुरा राहिला असता.

२) एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नवी पेंड, नवे औषध आणि नवा गडी एकाच आठवड्यात आला, तर दूध कशाने वाढले हे सांगणे अशक्य.

३) निवड मनाने करू नये. चांगल्या गाईला औषध आणि मरतुकडीला काही नाही, असे केले तर निकाल आधीच ठरून जातो. चिठ्ठ्या टाकून निवड करावी.

४) पुनरावृत्ती हवी. एका गाईवरून अनुमान काढू नये. बांधाकडेच्या एकाच वाफ्यावरून आपण जमिनीची पारख करीत नाही, तसेच हे आहे.

५) लिहून ठेवावे. आठवणीत राहिलेला आकडा आपल्याला हवा तिकडे झुकतो.

आपल्या गोठ्यात दहा आठवड्यांचा प्रयोग

आता हेच नियम आपल्या गोठ्यात वापरून पाहू. त्यासाठी सुप्त कासदाह हा विषय घेऊ. या आजारात कास सुजत नाही, दूध डोळ्यांना चांगले दिसते, परंतु आतून दूध घटते व प्रत बिघडते. दिसत नसल्यामुळे त्याकडे लक्ष जात नाही आणि नुकसान मात्र रोज होत राहते.

तपासणी : सुप्त कासदाह ओळखण्याची सोपी चाचणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाळम व नूरलँडर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केली. तिला कॅलिफोर्निया कासदाह चाचणी म्हणतात. तिचे द्रावण व चार खणांची तबकडी बाजारात मिळते. ती न मिळाल्यास कपडे धुण्याच्या पावडरीचे ३ टक्के द्रावण, म्हणजे अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर, वापरता येते. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काढाव्यात. नंतर प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळ्या खणात किंवा वाटीत घेऊन त्यात तेवढेच द्रावण घालावे व हळूहळू गोल फिरवावे. दूध पातळ राहिले तर सड निरोगी समजावा. बुळबुळीत, चिकट किंवा जेलीसारखे झाले तर त्या सडात सुप्त कासदाह असण्याची शक्यता आहे. रोगी कासेच्या दुधात पेशी वाढलेल्या असतात व साबणाने त्या फुटून दूध घट्ट होते. तपासलेले दूध फेकून द्यावे. चीक असताना किंवा गाय आटण्याच्या सुमारास ही चाचणी फसवी ठरते, म्हणून अशा गाई प्रयोगात घेऊ नयेत.

प्रश्न : धार काढल्यानंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडविल्याने नवीन सुप्त कासदाह कमी होतो का?

मांडणी : आपल्याकडे गाई थोड्या असतात. म्हणून प्रत्येक गाईच्या कासेचे दोन भाग करावेत. डावीकडचे दोन सड आणि उजवीकडचे दोन सड. कोणत्या बाजूचे सड बुडवावयाचे हे प्रत्येक गाईसाठी चिठ्ठी टाकून ठरवावे व दहा आठवडे ते बदलू नये. यामुळे चारा, पाणी, वय, वेत हे सर्व दोन्ही बाजूंना सारखेच राहते. ज्या गाईंना वासरू पाजले जाते त्या या प्रयोगातून वगळाव्यात.

कार्यक्रम :

पहिला आठवडा – सर्व गाईंच्या सर्व सडांची चाचणी करून नोंद करावी.

दुसरा ते नववा आठवडा – दोन्ही वेळच्या धारेनंतर ठरलेल्या बाजूचे सड, सडांसाठी मिळणाऱ्या ०.५ टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. दर दोन आठवड्यांनी सर्व सडांची चाचणी करावी.

दहावा आठवडा – शेवटची चाचणी व हिशेब.

प्रयोगात असो वा नसो, धारेपूर्वी सर्व सड धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे करावेत. धारेनंतर गाईपुढे वैरण टाकावी म्हणजे ती अर्धा तास तरी उभी राहील. धार काढल्यावर सडाचे छिद्र काही वेळ उघडे असते आणि गाय लगेच बसली तर जंतू आत शिरतात.

हिशेब करताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. सड बुडविल्याने नवीन संसर्ग टळतो. आत असलेला संसर्ग त्याने बरा होत नाही. म्हणून सुरुवातीस जे सड निरोगी होते, त्यांपैकी नंतर किती बिघडले एवढेच मोजावे. समजा, ६ गाई आहेत, म्हणजे २४ सड. त्यांपैकी प्रत्येक बाजूचे २ असे ४ सड आधीच रोगी निघाले. उरले २० निरोगी. त्यांतील १० बुडविलेल्या बाजूचे आणि १० न बुडविलेल्या बाजूचे. दहाव्या आठवड्यात बुडविलेल्यांपैकी १ आणि न बुडविलेल्यांपैकी ३ बिघडलेले निघाले.

यावरून उपाय लागू पडला असे म्हणावे का? अद्याप नाही. नाणे चार वेळा उडवून तीन वेळा छाप पडली तर आपल्याला नवल वाटत नाही. परंतु दूध संस्थेच्या दहा सभासदांनी हाच प्रयोग एकाच पद्धतीने केला आणि सर्वांची बेरीज १० विरुद्ध ३० आली, तर ती गोष्ट निराळी. नाणे चाळीस वेळा उडवून तीस वेळा छाप पडली तर नाण्यातच काहीतरी आहे असे म्हणावे लागते. एकट्या गोठ्याचा आकडा दुबळा असतो, दहा गोठ्यांचा बळकट होतो.

प्रयोग चालू असताना एखाद्या सडाला सूज आली, दुधात गाठी किंवा रक्त दिसले, तर प्रयोगाची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे. प्रतिजैविक दिल्यास डॉक्टरांनी सांगितलेले दिवस त्या गाईचे दूध संस्थेला घालू नये. जनावराच्या जिवापेक्षा प्रयोग मोठा नाही.

माझ्याकडून राहिलेली गोष्ट

आता त्या उणिवेकडे येतो. पदवीच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी आम्ही काही विद्यार्थी एका खेड्यात राहिलो होतो. तेथील एका वयस्कर शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये मी बीजप्रक्रियेचा लहानसा प्रयोग घेतला. दोन-दोन गुंठ्यांचे चार तुकडे. दोनांत जिवाणू खत लावलेले बियाणे, दोनांत न लावलेले. त्यांनी कसलीही तक्रार न करता जागा दिली. मी रोपे मोजली, मुळांवरील गाठी मोजल्या, शेंगा मोजल्या. अहवाल बांधून घेतला, तोंडी परीक्षा झाली, गुण मिळाले.

काही वर्षांनी व्याख्याता म्हणून एका मेळाव्यासाठी त्याच गावी गेलो. ते आजोबा समोरच्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर जवळ येऊन म्हणाले, “मास्तर, ओळखलं का? माझ्या रानात तुम्ही शेंगा मोजत होता. काय निघालं त्यात?”

मला उत्तर देता आले नाही. अहवालाची प्रत माझ्याजवळ नव्हती आणि आकडे आठवत नव्हते. ते रागावले नाहीत. “मी आपला दरसाल वाट बघितली. म्हटलं, कळलं तर सगळ्या रानाला लावू,” एवढेच बोलले.

चार तुकड्यांचा तो प्रयोग शास्त्राच्या दृष्टीने लहान होता. परंतु त्या माणसाने त्यासाठी दोन तुकड्यांत कमी पीक येण्याचा धोका पत्करला होता आणि त्याबदल्यात त्याला एक उत्तर येणे होते. ते मी दिले नाही. त्यानंतर माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्यांसाठी मी एक नियम केला आहे. शेतकऱ्याच्या घरी जाऊन निकाल सांगितल्याशिवाय अहवालावर माझी सही होत नाही.

विद्यार्थी गोठ्यावर आल्यास काय विचारावे?

विद्यार्थ्यांना नाही म्हणू नका. आजची ही मुलेच उद्या आपले डॉक्टर होणार आहेत. मात्र, आपला वेळ आणि जनावर त्यांच्या स्वाधीन करण्यापूर्वी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात. असे विचारण्यात उद्धटपणा नाही; चांगल्या मार्गदर्शकाला त्याचा आनंदच वाटेल.

१) तुमचा प्रश्न नेमका कोणता आहे? तो दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर विद्यार्थ्याने आणखी तयारी करावी.

२) माझ्या जनावराला काय करणार? नमुना किती, कितीदा, गाभण जनावराला त्रास होईल का?

३) संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आहे का व मार्गदर्शकाचे नाव काय?

४) मध्येच जनावर आजारी पडले तर जबाबदारी कोणाची?

५) निकाल मला केव्हा व कसा कळविणार? माझ्या जनावराच्या चाचणीत रोग आढळला तर लगेच सांगणार ना?

आपणही काही पथ्ये पाळावीत. वेत, दूध, औषध यांची माहिती खरी द्यावी. आपली गाय किती दूध देते हे वाढवून सांगितले तर विद्यार्थ्याचा आकडा चुकतो आणि त्यावरून निघालेला सल्ला उद्या आपल्यालाच चुकीचा मिळतो. गाभडलेल्या गाईची वार किंवा स्राव उघड्या हाताने उचलू नये व विद्यार्थ्यालाही उचलू देऊ नये. ब्रुसेलोसिस माणसाला होतो. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना पाय व बूट जंतुनाशकाने धुण्यास सांगावे.

मुले-मुली पशुवैद्यकीय महाविद्यालयात असतील तर

ज्यांची मुले-मुली हे शिक्षण घेत आहेत त्यांना एक विनंती. सुट्टीत मूल घरी आले की त्याला स्वतःच्याच गोठ्याचा दहा आठवड्यांचा एक प्रश्न द्यावा. वासरांना जन्मल्यावर चीक किती वेळात मिळतो? गाई विल्यानंतर पुन्हा माजावर येण्यास किती दिवस लागतात? यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, घड्याळ व दिनदर्शिका पुरते. मार्गदर्शन महाविद्यालयातील शिक्षकांकडून मिळेल. महाराष्ट्रात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि राज्यातील पशुवैद्यकीय शिक्षणासाठी २००० साली नागपूर येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. तेथील शिक्षकांपुढे गोठ्यातील नोंदवही घेऊन गेलेला विद्यार्थी रिकाम्या हाताने परत येणार नाही.

सारांश

१) मोठा प्रश्न लहान करावा, म्हणजे तो दहा आठवड्यांत मावतो.

२) तुलनेला जागा, एकच बदल, चिठ्ठीने निवड, पुनरावृत्ती आणि नोंद ही प्रयोगाची पाच पथ्ये पाळावीत.

३) सुप्त कासदाहाची चाचणी घरच्या घरी करता येते. आजच एका वेळच्या धारेला करून पाहावी.

४) दूध संस्थेच्या सभासदांनी एकत्र प्रयोग केल्यास निष्कर्ष बळकट होतो.

५) आपल्या गोठ्यातून माहिती नेणाऱ्याने निकाल परत आणून द्यावा, असा आग्रह धरावा.

टेक्सास तापाचे मूळ गोचिडांत आहे हे पशुपालकांनी आधी ओळखले होते. संशोधकांनी ते ऐकून घेतले, कुरणे कुंपणाने वेगळी केली आणि खरे-खोटे करून दाखविले. आपल्या गोठ्यातही आपल्याला बऱ्याच गोष्टी दिसत असतात. त्या वहीत लिहून ठेवाव्यात आणि पुढच्या वेळी विद्यार्थी आला की त्याच्यापुढे ती वही ठेवावी.